मदत हवी आहे: वाड्याच्या दिवाणखान्यात नवी प्रकाशयोजना, लाकूड-गिलाव्याला धक्का न लावता

माजघर_चौक
पुण्यातला दोन चौकी वाडा आहे, महापालिकेच्या हेरिटेज यादीतला. पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात दिवसा पोथ्या आणि चित्रांचं छोटं प्रदर्शन आणि महिन्यातून दोनदा संध्याकाळी गाण्याची बैठक, असा वापर ठरला आहे.

मापं अशी: लांबी १२ मीटर, रुंदी ५.४ मीटर. सुरूच्या खांबांच्या दोन रांगा, खांबांत अंतर २.४ मीटर, म्हणजे पाच खण. खांबांवरून लांबीच्या दिशेने दोन तुळया जातात, भिंतीपासून १.२ मीटरवर. तुळईची खालची बाजू जमिनीपासून ३ मीटर. वर सागवानी कडीपाट (कड्या म्हणजे आडवे वासे, त्यांच्यावर फळ्यांचा पाट), तेलपाणी होऊन जवळजवळ काळा पडलेला. मधल्या खणात रंगवलेली तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत). भिंतींना चुन्याचा गिलावा, कोनाडे. काचेच्या सहा हंड्या जुन्या कड्यांना लटकलेल्या. वायरिंग लाकडी केसिंग-कॅपिंगचं (खोबणीची पट्टी आणि वर झाकणपट्टी), दोन खोबणींचं, अर्थिंग नाही. सध्या आठ ट्यूबलाइटी.

एका ठेकेदाराचा प्रस्ताव: पाटात ७५ मिमीची ४० भोकं पाडून डाउनलाइट, भिंतीत झिरी मारून पाइप, आणि कडीपाट उठून दिसावा म्हणून तुळईवर एलईडी पट्टी, उजेड वरच्या दिशेने. यातलं काय ठेवावं, काय काढावं?

ओळंबा
भोकं आणि झिऱ्या दोन्ही रद्द करा, आजच.

कडीपाटाची फळी २५-३० मिमी जाड असते आणि तिच्यावर पोकळी नसते, तर माती आणि चुन्याचा थर असतो. भोक पाडलंत की आधी माती गळेल. डाउनलाइटचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) त्या मातीत रुतून बसेल, त्याला हवा मिळणार नाही आणि एलईडी लवकर मंद होतील. छत कुठे पाझरत असेल तर ती ओलही नेमकी त्याच भोकात उतरेल. ४० भोकं नंतर बुजवता येतात, हा युक्तिवाद ऐकू नका. सागाच्या फळीतली बुच दहा फुटांवरून दिसते.

झिरीचं त्याहून वाईट. चुन्याच्या गिलाव्यात कटर चालवला की झिरीच्या दोन्ही बाजूंचा थर विटेपासून सुटतो. मग मिस्त्री सिमेंटने भरतो. सिमेंट कडक, चुना मऊ. भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती कडेच्या चुन्यातून पडते आणि पाइपाच्या रेषेत क्षाराची पांढरी पट्टी उमटते, मागोमाग पोपडे येतात.

दिव्याचं मॉडेल शेवटी निवडा. आधी दोन गोष्टी कागदावर आणा: वायर कुठून जाणार आणि दिवा कशाला धरणार. वाड्यात प्रकाशयोजना म्हणजे मुख्यतः हेच.

दिवा धरायला तुळई आहेच. २५ × ३ मिमी स्टेनलेस (३०४) पट्टीचा कडा (तुळईला वेढणारी पकड) करा: तुळईच्या माथ्यावरून, कडीपाटाच्या दोन कड्यांमधल्या फटीतून घालायचा आणि खाली नट-बोल्टने आवळायचा. आतून ३ मिमी नमदा किंवा कॉर्क. लाकडात एकही स्क्रू नाही. दर १.२ मीटरला एक धरला तर एका तुळईला ११, दोन्ही मिळून २२. आवळताना नमदा दबेल इतपतच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी गच्च असेल तर कडेला चीर पडते. कडा काळा करायचा असेल तर पावडर कोटिंग करून आणा, जागेवर रंगवू नका.

माजघर_चौक
तीन खणांत दोन कड्यांमधली फट आडव्या नक्षीदार फळीने बंद आहे. तिथे पट्टी वरून जाणार नाही.

ओळंबा
फळीला हात लावू नका. त्या खणांत खांबाच्या माथ्याशी, नक्षीच्या खाली, दुभंगी कॉलर (दोन अर्ध्यांची पकड) लावा आणि ट्रॅक (दिवे अडकवायची, त्यांना वीज देणारी पट्टी) खांबापासून खांबापर्यंत तुळईच्या कुशीला टेकवून न्या. २.४ मीटरला साधा ट्रॅक मधोमध झोळ खातो, म्हणून त्याच्या पाठीशी २५ × २५ मिमी ॲल्युमिनियम अँगल द्या. जुन्या केसिंगची स्क्रूभोकं असतील तर तीच वापरा. नवीन एकही नको.

कंदील
आता उजेडाचा हिशोब.

वर उजेड टाकण्याची कल्पना चुनखडी पांढऱ्या छताला ठीक. तुमचं काळं सागवान पडलेल्या उजेडातला जेमतेम १०-१५ टक्के परत देतं. खोली ६५ चौ. मी. बैठकीला सरासरी १०० लक्स (दर चौ. मी.ला १०० ल्युमेन उजेड) धरा, म्हणजे जमिनीवर ६,५०० ल्युमेन पोचले पाहिजेत. छतावरून परतवून आणायचे तर उपयोगाचा गुणक (निघालेल्या उजेडातला खाली पोचणारा हिस्सा) ०.१५ आणि देखभालीचा (धूळ आणि वयाने होणारी घट धरून) ०.८, म्हणजे दिव्यांतून साधारण ५४,००० ल्युमेन. सरळ खाली टाकले तर गुणक ०.५, म्हणजे १६,२५०. फरक तिपटीहून जास्त, आणि जास्तीची सगळी उष्णता शंभर-दीडशे वर्षांच्या कोरड्या लाकडाशेजारी. शिवाय छत उजळलं की पाटावरचं प्रत्येक जळमट आणि गळतीचा डाग दिसतो, हे चित्रात कुणी दाखवत नाही.

म्हणून: १२ वॉटचे, साधारण १,००० ल्युमेनचे १६ स्पॉट, प्रत्येक तुळईवर ८. रंगतापमान २७०० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वर, आणि आर-९ (गडद लाल किती खरा दिसतो) हा आकडा वेगळा विचारा, ५० च्या वर हवा. तो कमी असेल तर साग तपकिरीऐवजी राखाडी दिसतो आणि तक्तपोशीतला हिंगूळ मरतो. १६ पैकी १० हेड (स्पॉट) ३६ अंशांच्या झोताची (बैठकीची जागा), ६ हेड १५ ते २४ अंशांची (भिंत आणि चित्रं). तक्तपोशीला वेगळा दिवा नको. गादीवरच्या पांढऱ्या चादरीवरून परतणारा उजेड तिला पुरतो. करून बघा.

एक गोष्ट कॅटलॉगात नसते. दिव्यांची चमक मोजताना माणूस खुर्चीवर बसलाय असं धरतात, डोळा १.२ मीटरवर. तुमचे श्रोते गादीवर बसणार, डोळा ८० सेंटीमीटरवर, मान किंचित वर. त्यांना दिव्याचं तोंड थेट दिसतं. म्हणून दिवे तुळईच्या गवयाकडच्या नव्हे, श्रोत्यांच्या पाठीकडच्या अंगाला लावा, आत खोल बसलेला एलईडी घ्या आणि प्रत्येक हेडला मधमाशीच्या पोळ्याची जाळी लावा. जाळीने २०-२५ टक्के उजेड जातो. वरच्या हिशोबात तेवढी सूट नाही, म्हणून चार-पाच हेड जादा मागवून ठेवा.

भिंतीवरच्या चित्रांसाठी: दिवा ३ मीटरवर, भिंत १.२ मीटर लांब. फ्रेमचा मध्य नेहमीप्रमाणे १.५ मीटरवर ठेवलात तर उजेडाचा उभ्या रेषेशी कोन ३९ अंश होतो. बघणाऱ्याची सावली चित्रावर पडते आणि काच डोळ्यांत चमकते. मध्य १.३ वर उतरवा, कोन ३५ वर येतो. ३० आदर्श, पण तुळई हलवता येत नाही!

पोथीनिष्ठ
पोथ्यांसाठी ५० लक्सच्या वर जाऊ नका आणि वर्षाचा हिशोब ठेवा. प्रकाशाला फार नाजूक वस्तूंसाठी मान्य मर्यादा वर्षाला १५,००० लक्स-तास. ५० लक्सला ते ३०० तास होतात, रोज आठ तास म्हटलं तर ३७ दिवस. म्हणजे एकच पान वर्षभर उघडं ठेवता येणार नाही. दर महिन्याला पान उलटा किंवा पोथी बदला. काजळीची शाई टिकते, वनस्पतीचे रंग आणि हरताळ टिकत नाहीत. चुका खोडायला जिथे जिथे हरताळ फासला आहे ती पानं आधी मिटा.

पेटीच्या आत दिवा नको, एलईडीसुद्धा नाही. बंद पेटीत तापमान चढतं, दिवा बंद झाला की उतरतं, आणि रोजच्या त्या चढउताराने कागद मुडपतो. खरा शत्रू मात्र चौकाकडच्या खिडक्या. दुपारी तिथे हजारो लक्स येतात. पेट्या खिडक्यांपासून लांबच्या भिंतीला ठेवा आणि खिडक्यांना दुहेरी मांजरपाटाचे पडदे लावा. लक्समीटर विकत घ्या, मोबाइलचं ॲप नको.

फेज_न्यूट्रल
वायरिंग. केसिंग-कॅपिंग सागवानी आणि धड असेल तर उखडू नका, तोच तुमचा फुकटचा मार्ग. कॅपिंग काढा, आतली रबरी वायर सगळी बाहेर काढा (वाकवली की साल तडकते, तिच्यावर विसंबू नका), खोबणी ब्रशने साफ करा, वाळवी तपासा.

अडचण अशी की खोबणी दोन आणि २३० व्होल्टला तीन तारा (फेज, न्यूट्रल, अर्थ) लागतात. तिसरी कोंबायला सुतार खोबण रुंद करेल, ते टाळा. ४८ व्होल्ट डीसीचा ट्रॅक घ्या. धन आणि ऋण, दोन तारा, दोन खोबणी. हे व्होल्टेज सुरक्षित मर्यादेत असल्याने ट्रॅकला अर्थची तार लागत नाही.

२४ व्होल्ट का नको: एका ट्रॅकवर ८ × १२ = ९६ वॉट. २४ व्होल्टला ४ अँपिअर. ड्रायव्हर (२३० व्होल्टचे कमी व्होल्टचे डीसी करणारा डबा) १० मीटरवर आणि तार १.५ चौ. मिमी असेल तर जाऊन-येऊन रोध ०.२३ ओहम, घट ०.९३ व्होल्ट, जवळजवळ ४ टक्के. ४८ व्होल्टला २ अँपिअर, घट ०.४७, म्हणजे १ टक्का. शेवटचा दिवा पहिल्याइतकाच उजळतो.

ड्रायव्हर दोन, प्रत्येकी १५० वॉट, जिन्याखाली हवेशीर लोखंडी पेटीत. लाकडाला चिकटवून नाही, मागे ५० मिमी अंतर. २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि सी-कर्व्ह एमसीबी (प्रवाह जास्त झाला की तोडणारा; बी-कर्व्ह ड्रायव्हर सुरू होतानाच्या झटक्याने पडतो). ४८ च्या बाजूला प्रत्येक ट्रॅकला ३ अँपिअरचा डीसी फ्यूज. इथे साधा एसी एमसीबी लावू नका, डीसीचा आर्क (स्विच उघडताना टिकून राहणारी ठिणगी) तो खात्रीने तोडत नाही. व्होल्टेज कमी म्हणून आग लागत नाही, हा गैरसमज आहे. सैल जोडावर २ अँपिअरसुद्धा लाकूड करपवतात. म्हणून जोड केसिंगमध्ये नाही, फक्त पेटीत आणि ट्रॅकच्या टोकाला.

अर्थिंग परसात नवीन घ्या, चौकातली फरसबंदी उकरू नका. पूर्ण झालं की ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासा, १ मेगाओमच्या खाली चालणार नाही. त्याआधी ड्रायव्हर सोडवा, नाहीतर वाचन खोटं येतं आणि ड्रायव्हरही जातो.

माजघर_चौक
डिमिंग कसं? तिसरी खोबण नाही. आणि हंड्यांचं काय करावं?

फेज_न्यूट्रल
ट्रॅकचं डिमिंग ड्रायव्हरपाशी, जिन्याखाली. पोथ्यांवरच्या हेडांना अंगावरच बारीक नॉब असलेली जात घ्या आणि लक्समीटर बघत ५० ला लावून टाका. पीडब्ल्यूएम डिमिंगची (दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करण्याची) वारंवारता विचारा, ३ किलोहर्ट्झच्या वर हवी. कमी असेल तर बैठकीचं चित्रीकरण करताना मोबाइलवर काळे पट्टे सरकतात.

कंदील
हंड्या दिसण्यासाठी, उजेडासाठी नाहीत. २ वॉटचा फिलामेंट एलईडी, २२०० केल्विन, दुधी काचेचा. त्यांना वेगळं सर्किट आणि वेगळा स्विच, कारण प्रदर्शनाच्या वेळी त्या बंदच असाव्यात. हा दिवा २३० व्होल्टचा आहे, म्हणून होल्डर चिनीमातीचा घ्या, उघड्या पितळेचा नको. तार कापडी वेणीची, साखळीत गुंफून, पण वजन साखळीनेच पेलायचं, तारेने नाही.

ओळंबा
आणि त्या आधी सहाही कड्या तपासा. हंडी उतरवून हंडीच्या चौपट वजनाची वाळूची पिशवी २४ तास टांगा, कडीच्या बुडाशी पेन्सिलीने खूण करून. खूण हलली तर ती हंडी परत चढवायची नाही.

माजघर_चौक
एका हंडीची काच बुडाशी तडकली आहे. तिच्यात दिवा लावला तर चालेल?

ओळंबा
दिवा न लावता, आतून जाळी बांधून, कोनाड्यात ठेवा. कडीला काही टांगू नका.

फेज_न्यूट्रल
हेरिटेज परवानगीच्या अर्जासोबत तुळईवरच्या स्टेनलेस कड्याचा १:१ नकाशा, सगळ्या खणांचे आजचे फोटो आणि एका खणाचा तात्पुरता नमुना जोडा. नमुन्याला कायमची वायर नको, ४८ व्होल्टचा ड्रायव्हर स्टुलावर ठेवून भागतं. हेरिटेज समितीला तो संध्याकाळी सातनंतर दाखवा, दुपारी नाही.