शाळा बंद, पण शिकणं चालू होतं: तुमचे अनुभव इथे लिहा

पाटीपेन्सिल:
मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि गावाकडच्या पहिली ते चौथीच्या पोरांसाठी त्या उघडल्या थेट १ डिसेंबर २०२१ ला, त्यातही जानेवारीत परत कुलूप लागलं. त्या काळाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं ऑनलाइन क्लासचं असतं. झेडपीच्या शाळांत जे चाललं होतं ते फार वेगळं होतं आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही तर विसरलंच जाईल. म्हणून शिक्षक, पालक, तेव्हाचे विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. कोणतं ॲप वापरलं त्यापेक्षा कोणत्या पोराला काय आणि कसं शिकवलं ते लिहा. कोरोनाच पाहिजे असंही नाही, पूर म्हणा भूकंप म्हणा, ज्याने शाळा बंद पडली ते काहीही चालेल.

माझ्यापासून सुरू करते. मी सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत, तेव्हा माझ्याकडे तिसरी-चौथी. एप्रिलपासून 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची, दीक्षा ॲपच्या लिंका असायच्या, मटेरियल चांगलं होतं, आम्ही पालकांच्या ग्रुपवर टाकायचो. पण फोन बापाच्या खिशात आणि बाप कामावर, रात्री घरी येईपर्यंत एकतर चार्जिंग गेलेलं नाहीतर रिचार्ज संपलेला. निळी टिक दिसायची पण पोरापर्यंत काहीच पोचलेलं नसायचं. मग जूनपासून मी स्कूटीवर वस्त्या फिरायला लागले, मास्क लावून, अंगणात लांबलांब बसवून.

वह्या-पुस्तकं पुरेशी नव्हती म्हणून घरात काय कागद आहेत ते आणायला सांगितलं तर एकाने लाइटबिल आणलं. ते बिल आम्हाला कितीतरी दिवस पुरलं बघा! मागील रीडिंग, चालू रीडिंग, दोन्ही चार-पाच अंकी, हातच्याची वजाबाकी करायची आणि बिलावर छापलेल्या युनिटशी ताडून बघायची, म्हणजे उत्तर बरोबर का चूक हे बाईंना विचारायलाच नको. एका मुलीने ओरडून सांगितलं, बाई आमचे दोन्ही आकडे सारखेच आहेत! तेव्हा मीटर बघायला कुणी येत नव्हतं ना, सरासरीने बिलं लावलेली. पुढे तीन महिन्यांचं एकत्र मोठं बिल आलं आणि गावात बोंबाबोंब झाली, तेव्हा माझी चौथीची पोरं घरोघरी जाऊन युनिटला तीनने भागून देत होती आणि मोठी माणसं गुमान ऐकत होती. सरासरी हा शब्द त्यांना पुस्तकाच्या आधी तिथे कळला.

बालाघाटी:
चांगला धागा. मी बीड जिल्ह्यात, आमच्या गावातली निम्मीअधिक घरं दिवाळीनंतर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात, पोरं सोबत जातात आणि आमच्या हजेरीत तिथून पुढं रेघाच रेघा. २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा ही सगळी माणसं पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या आसपास अडकलेली, एप्रिलच्या मध्याला सरकारनं परत यायची परवानगी दिली. ट्रक-ट्रॅक्टर भरून आली आणि गावात कुणी घेईना. मग सोय कुठं केली तर आमच्याच शाळेत. चौदा दिवस विलगीकरण. आणि माझी ड्युटी तिथंच, नोंदवही घेऊन फाटकापाशी.

म्हणजे बघा, राज्यातल्या शाळा बंद आणि माझी पोरं मात्र शाळेतच, स्वतःच्या वर्गात अंथरूण टाकून झोपलेली, ती पण त्या महिन्यात जेव्हा एरवी ती कधीच शाळेत नसतात. मी म्हटलं ही संधी सोडायची नाही. ती खोलीत खिडकीशी, मी बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून. आतला फळा त्यांच्या ताब्यात दिला, मी बाहेरून सांगायचो आणि ते लिहायचे. एक पोरगी पाचवीची, दोन हंगाम शाळा बुडालेली, वाचताना अडायची पण टन-क्विंटलचा हिशोब तोंडावर. किती मोळ्यांचा अंदाजे टन होतो, गाडी भरली तर किती, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती, फिटली किती, राहिली किती. तिच्याकडनंच मी बाकीच्यांना वजनाची परिमाणं शिकवली, मी फक्त दशांश चिन्ह कुठं द्यायचं ते सांगितलं. संध्याकाळी तिची आई पण खिडकीशी येऊन बसायची. चौदा दिवस संपले आणि ती घरी गेली तरी पोरं दुसऱ्या दिवशी परत फाटकापाशी हजर!

मला तेव्हापासून वाटतं ते स्पष्ट लिहितो. शाळा बंद पडल्याचं दुःख सगळ्यांना २०२० ला कळलं, आमच्या पोरांची शाळा दरवर्षी सहा महिने बंद असते.

माडापोफळी:
आमच्याकडे दापोलीला कोरोना कमी पडला म्हणून की काय ३ जूनला निसर्ग वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, कौलं फुटली, विजेचे खांब आडवे, कित्येक वाड्यांत महिनाभर आणि त्याहून जास्त लाइट नव्हती. त्या दिवसांत वरून विचारणा यायची ऑनलाइन किती मुलं जोडली गेली, आणि आमच्याकडे फोन चार्ज करायला माणसं जनरेटरवाल्याकडे रांगा लावत होती.

मी काय केलं तर पोषण आहाराचा तांदूळ-डाळ पालकांना वाटायची होतीच, त्यासाठी प्रत्येक घरातलं कुणीतरी शाळेत येणारच. हाताने लिहिलेले स्वाध्यायाचे कागद त्या पिशवीत टाकायचे, कारण झेरॉक्सला तरी लाइट कुठली. पुढच्या वाटपाला येताना सोडवलेला कागद आणायचा, नाही आणला तर तांदूळ द्यायचाच पण मी घरी येणार असं सांगून ठेवलेलं. कागद तपासून प्रत्येकाला दोन ओळी लिहायचे, नुसतं 'छान' नाही, 'तुझा ळ उलटा पडतोय, असा काढ' असं. त्या दोन ओळींसाठी मुलं वाट बघायची हे मला आयांनी सांगितलं.

आणि एक, पंचनामे चालू होते तेव्हा मुलांना आपापल्या बागेतली पडलेली झाडं मोजून तक्ता करायला लावला. माड, पोफळ, आंबा, काजू, फणस, उभी किती आणि पडली किती. एका मुलाचा तक्ता इतका नीट होता की त्याचे बाबा तोच घेऊन तलाठ्याकडे गेले. ते पोर रडत रडत मोजत होतं हो, आजोबांनी लावलेली झाडं, पण मोजलं त्याने सगळं.

सत्तरीकर:
गोव्यातून थोडकं लिहितो. आमच्या सत्तरीत मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत, आसपास जंगल आणि रेंज फक्त टेकडीवर. पावसात मुलं डोंगर चढून क्लास करतात असे फोटो तेव्हा सगळीकडे फिरले, लोकांनी कौतुकही केलं, मला मात्र ते बघून भीती वाटायची, पावसात तिथे साप किती निघतात ते आम्हाला माहीत. माझ्या भाचीच्या बाईंनी सांगून टाकलं की कुणीही वर चढायचं नाही. त्या वाळपईला जाऊन सगळं डाउनलोड करायच्या आणि आठवड्यातून ठरल्या वारी गावच्या देवळाच्या मंडपात येऊन ब्लूटूथने प्रत्येकाच्या फोनवर घालायच्या. सोबत वही तपासायच्या. एवढंच, पण गावातलं एक मूल सुटलं नाही.

जुईचावेल:
मी विद्यार्थी म्हणून लिहिते. मी २०२१ ची दहावी बॅच, ज्यांची परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के निकाल लागला ती. लोक अजून ऐकवतात, तुम्ही काय फुकट पास. आमच्याकडे नाशिक जिल्ह्यात बऱ्याच जणांच्या घरी साधा बटणांचा फोन होता. गणिताचे सर रोज संध्याकाळी कॉन्फरन्स कॉल लावायचे, एका वेळी चार-पाच जण, एक गट संपला की दुसरा.

भूमिती फोनवर ऐकून शिकायची म्हणजे काय ते सांगते. चित्र दिसत नाही म्हणून प्रत्येक शब्द महत्त्वाचा. "पानाच्या मधोमध बिंदू घे, नाव ओ. कंपासमध्ये तीन सेंटिमीटर घे, मोजून घे, घाई नको. आता वर्तुळ. वर्तुळावर कुठंही ए." मग प्रत्येकाला विचारायचे तुझा ए कुठं आलाय, घड्याळात किती वाजलेत तिथं? कुणी म्हणायचं दोन, कुणी म्हणायचं सात. मग म्हणायचे ठीक, आता सगळ्यांनी स्पर्शिका काढा आणि त्रिज्येशी कोन मोजा. प्रत्येकाचा नव्वद! ए वेगळा, वही वेगळी, गाव वेगळं, तरी नव्वदच. हे प्रमेय मला पाठ करावं लागलं नाही.

परीक्षा रद्द झाल्याचं कळलं त्या संध्याकाळीही फोन आला. आम्ही म्हटलं सर आता कशाला, तर म्हणाले अकरावी सायन्सला बसलीस की त्रिकोणमिती तुझ्यासाठी रद्द होणार नाहीये. जूनपर्यंत शिकवलं त्यांनी. मी आज इंजिनिअरिंगला आहे.

पाटीपेन्सिल:
@जुईचावेल, घड्याळाची आयडिया मी वर्गातही वापरणार, खूप आवडली. सरांना हा धागा नक्की दाखव.

चादरवाला:
सोलापूरचा म्हणून हे लिहायलाच हवं. आमच्या नीलमनगर भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती, तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते, मुळाक्षरांपासून गणितातल्या सूत्रांपर्यंत, तीनशेच्या आसपास भिंती. मी तिकडून जायचो तेव्हा मुलं भिंतीसमोर वही घेऊन उभी दिसायची. आणि याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० च्या डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. क्यूआर कोड म्हणा की रंगाचा डबा, त्या पोरांच्या घरात काय आहे नि काय नाही हे माहीत असणारा माणूस लागतो.

वऱ्हाडीआई:
पालक म्हणून. आमच्या घरी टीव्ही होता आणि सह्याद्रीवर जुलै २०२० पासून टिलीमिली लागायची, पहिली ते आठवीसाठी, घरातल्याच वस्तू घेऊन शिकवायचे. माझा मुलगा दुसरीत. शेजारची तीन पोरं यायची, त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. मॅडमचा फोन यायचा, ताई आज काय दाखवलं ते त्याला मला सांगू द्या, तुम्ही सांगू नका. मी गप बसायची, लई कठीण जायचं!

ओठांवरचीभाषा:
मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. आमची अडचण कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून लिहिते. आमची मुलं ओठ वाचतात. मास्क आले आणि बाजारात, दवाखान्यात, रस्त्यात सगळ्यांचे ओठ झाकले गेले. त्यात वसतिगृह बंद, मुलं घरी गेली जिथे खुणांची भाषा कुणालाच येत नाही. एक मुलगा घरी गेल्यावर कुणाशी बोलेनाच, आई म्हणाली हा चिडका झालाय. चिडका नाही हो, त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

मी व्हिडिओ कॉलवर मुलांना शिकवण्याआधी आयांना शिकवायचं ठरवलं. चेहऱ्यावर उजेड पाहिजे, खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागे उजेड असला की ओठ काळे दिसतात. रोज थोड्या खुणा, त्या पण लागतील त्याच: भूक, दुखतंय, कधी, का, आजी, राग आला. 'का' ची खूण आईला आली आणि त्या मुलाने तिला पहिल्या दिवशी एवढे प्रश्न विचारले की ती बाई मला फोन करून रडली. त्याचा मराठीचा अभ्यास त्यानंतर आपोआप मार्गी लागला, कारण घरात शब्दांची गरज पडायला लागली.

जुनाफळा:
मी निवृत्त शिक्षक, वय झालं, नातू टाइप करून देतोय. १९९३ ला मी किल्लारीजवळच्या एका गावात होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, विसर्जन करून लोक झोपले आणि ३० च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. दगडमातीची जाड भिंतींची घरं, वर माळवद, सगळं अंगावर आलं. शाळाही गेली.

दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरू करा म्हणाले. पोरं आत यायलाच तयार नाहीत, वर छप्पर दिसलं की मागे सरायची. मग आम्ही लिंबाखाली बसलो, थंडीतसुद्धा. हजेरीपुस्तक ढिगाऱ्यात गेलेलं. नवीन करायचं तर नावं आठवून लिहायची, आणि मी ठरवलं की आधी पोरांनाच विचारायचं, आपल्या वर्गात कोण कोण होतं? त्यांनी सगळ्यांची नावं सांगितली, गेलेल्यांची पण. मी सगळी लिहिली. पहिले काही आठवडे पुस्तक नव्हतंच, पाढे म्हणायचे, कविता म्हणायच्या, एकमेकांना गोष्टी सांगायच्या. पाढे म्हणताना पोरं जरा निवांत व्हायची असं मी बघितलं, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, पुढं काय येणार ते माहीत. शिकवणं म्हणून त्याची किंमत किती ते अधिकारी ठरवोत, पण त्या पोरांना रोज सकाळी उठून जायला एक जागा होती. शेडमध्ये पोरं हळूहळू एकेक करून बसली, उन्हाळा लागल्यावर.

सातपुड्याचा_मास्तर:
नंदुरबार, धडगाव. वर सगळ्यांनी लिहिलंय ते वाचून आमचा एक मुद्दा. आमची पोरं घरी पावरी बोलतात, मराठी त्यांना फक्त शाळेत भेटते. शाळा बंद म्हणजे मराठीच बंद. पाड्यावर रेंज नाही, टीव्ही नाही, पोरं बकऱ्यांमागे.

पण आश्रमशाळाही बंद होत्या त्यामुळे सातवी-आठवीची मोठी मुलं-मुली पाड्यावर परत आलेली. आठवीतल्या एका मुलीला मी खडू, फळ्याचा तुकडा आणि गोष्टीची पुस्तकं दिली, ती बारक्यांना गोळा करायची. तिची पद्धत तिचीच, मी शिकवली नव्हती: गोष्ट आधी पावरीत सांगायची, मग तीच मराठीत वाचायची आणि मध्येच थांबून विचारायची हे आपल्यात काय म्हणतात. मी आठवड्याला चढून जायचो, ती कुठे अडली ते बघायचो, पुढची पुस्तकं द्यायचो.

२०२२ च्या जानेवारीत शाळा परत उघडल्या तेव्हा दुसऱ्या पाड्यांवरची दुसरीतली पोरं एक वाक्य मराठीत बोलेनात. पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास (मागच्या इयत्तेची उजळणी) आधी येऊन गेला होता, पण पहिलीचा वर्गच न बघितलेल्या पोरांना त्याचा काय उपयोग. त्या मुलीच्या पाड्यावरची मात्र वाचत होती. मग मी तिचीच पद्धत सगळ्या वर्गाला लावली. पोरं पावरीत सांगतात, मी देवनागरीत फळ्यावर लिहितो, ते स्वतःचंच वाक्य वाचतात, मग त्याखाली मराठी. अशी लिहून काढलेली पानं शिवून आमच्याकडे जाड वही झालीय. कुणाला पावरी-मराठी गोष्टी पाहिजे असतील तर सांगा, पानांचे फोटो काढून टाकतो.

पाटीपेन्सिल:
मला पाहिजेत! आमच्याकडे डाळिंबाच्या बागांवर तुमच्या भागातली कुटुंबं येतात, दोन पोरं यंदा माझ्या वर्गात आहेत आणि पहिल्या दिवसापासून गप्प बसून आहेत. शक्य तितक्या लवकर टाका सर.