सहा ग्राफिक्स कार्डांचा रिग चालू केला की बोर्ड पॉवरची वॉर्निंग देतोय, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलू का?

अकोल्याचा_रिगवाला:
नमस्कार मंडळी, एक सेकंडहँड मायनिंग रिग (क्रिप्टो नाणी मिळवायचा कॉम्प्युटर) घेतलाय, बी२५० चिपसेटचा बोर्ड, आरएक्स ५८० ची सहा कार्डं आणि १२०० वॅटचा गोल्ड एसएमपीएस. सध्या रेव्हनकॉइन हे क्रिप्टो नाणं चालवतोय. चालू केला की स्क्रीनवर लाल अक्षरांत येतं की स्लॉटसाठीचा जादा पॉवर कनेक्टर जोडलेला नाही, एफ१ दाबलं की पुढे जातो. पण लोड आला की मॉनिटरिंगमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.३ वर येते, परत वॉर्निंग, आणि मध्येच एखादं कार्ड गायब होऊन मायनर (नाणी काढणारं सॉफ्टवेअर) हँग होतो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं, त्यामुळे होत असेल का? मोठा एसएमपीएस घ्यावा की बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंगमधून) ती वॉर्निंगच बंद करून टाकावी?

सोल्डरगन:
वॉर्निंग अजिबात बंद करू नका दादा, तोच बोर्ड तुम्हाला वाचवतोय. १२०० वॅट सहा ५८० ला पुरतात, प्रश्न वॅटचा नाही, करंट कुठल्या वायरीतून जातोय त्याचा आहे. पीसीआयई स्लॉटमधून (बोर्डावर कार्ड बसतं ती खाच) कार्ड ७५ वॅटपर्यंत घेऊ शकतं, त्यातला बहुतेक भाग १२ व्होल्टवर, म्हणजे साडेपाच अँपिअरपर्यंत, आणि स्लॉटला हे सगळं २४ पिनच्या प्लगमधल्या फक्त दोन पिवळ्या वायरींतून येतं. म्हणून तर स्लॉटजवळ वेगळा मोलेक्स (चार पिनचा पॉवर कनेक्टर) दिलेला असतो. तो रिकामा आहे का? किती कार्डं थेट बोर्डात आहेत, आणि रायझरला (कार्ड बोर्डापासून लांब बसवायचा जोड) पॉवर कुठून दिलीय?

अकोल्याचा_रिगवाला:
दोन थेट बोर्डात, चार रायझरवर. मोलेक्स रिकामाच आहे. तीन रायझर एकाच साटा केबलवर (हार्डडिस्कला पॉवर देणारी) ओळीने लावलेत, चौथ्याला साटा ते सहा पिन कन्व्हर्टर. आधीच्या मालकाने केलेलं जसंच्या तसं आहे.

कोकणी_वायरमन:
मग आत्ता रिग बंद करा आणि ते साटा प्लग एकेक काढून बघा, मी खरंच काळजीने सांगतोय. साटा पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे झाले साडेचार अँपिअर, ५४ वॅट. हार्डडिस्कसाठी केलेली वस्तू ती. त्यावर एक रायझरसुद्धा जीवावरचा खेळ आहे आणि तुमच्याकडे एका केबलवर तीन! आधी पिवळ्या वायरीच्या बाजूचं प्लास्टिक तपकिरी होतं, करपट वास येतो, मग वितळतं. रायझरला एसएमपीएसच्या पीसीआयई केबलमधून सरळ सहा पिन द्या, आणि रायझर व त्यावरचं कार्ड दोन्ही एकाच एसएमपीएसवर. केबल कमी पडली तर दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसची लावू नका, कार्डाकडचं टोक सारखं दिसतं पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते, बोर्ड आणि कार्डं दोन्ही जातील.

मल्टिमीटर_हातात:
११.३ वर लगेच विश्वास ठेवू नका, बोर्डाचा सेन्सर चुकतो कधीकधी. लोड चालू असताना मीटरची काळी प्रोब काळ्या वायरीत, लाल प्रोब २४ पिन प्लगच्या मागून पिवळ्या वायरीत, दोन प्रोब एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. ११.४ ते १२.६ म्हणजे ठीक. मग तेच एका कार्डाच्या आठ पिनवर मोजा. तिथे १२ आणि २४ पिनवर कमी दिसलं तर एसएमपीएस चांगला आहे, प्लग सैल किंवा काळा पडलाय. घरचं व्होल्टेज १९० झालं तरी युनिव्हर्सल इनपुटचा एसएमपीएस १२ धरून ठेवतो, फक्त भिंतीतून जास्त करंट ओढतो, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड काढून १६ अँपिअरच्या सॉकेटवर घ्या आणि अर्थिंग बघा. स्लॉटवरचा ताण ही काही नवी गोष्ट नाही, २०१६ मध्ये आरएक्स ४८० आलं तेव्हा ते स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त ओढत होतं आणि एएमडीला ड्रायव्हर अपडेट काढावा लागला होता.

अकोल्याचा_रिगवाला:
काढून बघितलं. मधल्या साटा प्लगची एक बाजू तपकिरी होऊन फुगलीय आणि पिन प्लास्टिकला चिकटल्या, प्लग ओढून काढावा लागला. सगळे साटा काढले, चारही रायझर सहा पिनवर घेतले, स्लॉटजवळचा मोलेक्स जोडला, २४ पिन काढून परत घट्ट बसवला. लाल वॉर्निंग गेली. फुल लोडला मीटरवर ११.९. फार मोठं काम झालं, मनापासून आभार. पण तिसऱ्या रायझरवरचं कार्ड अजून गायब होतं.

कोकणी_वायरमन:
तो करपलेल्या प्लगवरचाच रायझर असणार, तो वापरू नका, नवीन घ्या. रायझरची यूएसबी केबल पॉवर नेत नाही, डेटाच नेते, तीही बदला. बायोसमध्ये पीसीआयई स्पीड जेन१ वर (सगळ्यात कमी वेग) ठेवा. रेव्हनकॉइनचा अल्गोरिदम कार्डाला जास्त खेचतो, तेव्हा कोर व्होल्टेज जरा खाली आणा. आणि तासभर चालल्यावर प्रत्येक कनेक्टरला बाहेरून हात लावून बघा, कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर ती केबल तिथेच थांबवा.