मदत हवी आहे: दोन ठरावीक अक्षरं क्रमाने येणारे इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी,

ठाण्याच्या घोडबंदर रोडकरांना वेगळं सांगायला नको, माजिवडा ते वाघबीळ गाडीत बसून करायचं काय हा रोजचाच प्रश्न. आमच्या गाडीतल्या पोरांनी (माझी लेक आणि शेजारची दोघं) त्यावर एक खेळ काढलाय. पुढच्या गाडीच्या नंबरात एमएच ०४ च्या नंतर जी दोन अक्षरं असतात ती घ्यायची आणि त्याच क्रमाने ती येतील असा इंग्रजी शब्द सांगायचा. एफटी दिसलं की फूट, फ्रूट, आफ्टर. मध्ये कितीही अक्षरं आली तरी चालतात, उलटा क्रम चालत नाही. विशेषनामं बाद. झेडएक्सला 'झेरॉक्स' म्हणणारा तर दोन कारणांनी बाद झाला: एक तर कंपनीचं नाव, शिवाय स्पेलिंग एक्सने सुरू होतं!

आता हाच खेळ सोसायटीच्या गणपतीत स्पर्धा म्हणून घ्यायचा घाट घातलाय आणि चिठ्ठ्या करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलंय. तिसरीच्या पोराला एसटी द्यायचं आणि नववीच्या मुलीला व्हीक्यू, एवढं कळतं. पण मधल्या शेकडो जोड्यांमधली सोपी कुठली, अवघड कुठली हे कसं ठरवू? नंबरात आय आणि ओ वापरत नाहीत (एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून), तरी २४ गुणिले २४ म्हणजे ५७६ जोड्या होतात.

नेटवर शब्द शोधून देणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत. पण त्यांचं 'ही अक्षरं असलेला शब्द' आणि माझं, यात फरक पडतो. आर आणि टी दिले तर काही साइट्स दोन्ही चिकटून असलेले 'आर्ट'सारखेच शब्द देतात, काही कसेही असलेले देतात, म्हणजे 'टार'सुद्धा. मला 'रूट' हवाय: आर आधी, टी नंतर, मध्ये काहीही. शिवाय जे शब्द येतात त्यातले निम्मे मी जन्मात ऐकलेले नसतात. एकेक जोडी टाकत बसायचा तर प्रश्नच नाही. एक्सेल जेमतेम येतं. कुणी सोपा मार्ग सांगेल का?

खाडीपलीकडे:
ताई, आम्ही ऐरोलीकर, आमच्याकडे एमएच ४३. खेळ आवडला. बीएच (भारत) मालिकेच्या गाड्याही घ्या, त्यांची दोन अक्षरं आकड्यांच्या नंतर, अगदी शेवटी असतात. आणि रस्त्यावर तुम्हाला त्याच त्या जोड्या जास्त दिसत असतील, कारण ९९९९ झाले की पुढची मालिका उघडते. एकाच सुमाराच्या गाड्या सगळ्या आसपासच्या अक्षरांच्या. त्यामुळे चिठ्ठ्याच बऱ्या.

तक्तेवाला:
एक्सेलमध्ये हे एका सूत्राचं काम आहे. आधी शब्दांची यादी हवी. 'एनेबल' नावाची यादी सार्वजनिक मालकीची आहे, फुकट उतरवता येते, पावणेदोन लाखांच्या जवळपास शब्द आहेत. पण तुमच्या कामाला ती नको, तुम्ही म्हणता ते न ऐकलेले शब्द सगळे तिच्यातलेच. गूगलने वेबवरचा मजकूर मोजून काढलेल्या आकड्यांवरून केलेली दहा हजार नेहमीच्या शब्दांची यादी मिळते, ती घ्या. तिच्यात नावं आणि वेबवरचा पाला बराच आहे, तो थोडा उपसावा लागेल.

यादी पहिल्या रकान्यात चिकटवा. बाजूला २४ ओळी आणि २४ रकान्यांचा तक्ता आखा. डावीकडे पहिलं अक्षर, वर दुसरं. प्रत्येक घरात 'काउंटइफ' लावायचं आणि अट अशी जोडायची: चांदणी (*), पहिलं अक्षर, चांदणी, दुसरं अक्षर, चांदणी. चांदण्या अवतरणात आणि मधले दुवे & ने. चांदणी म्हणजे 'इथे कितीही अक्षरं, किंवा एकही नाही'. म्हणून चिकटून असलेले शब्दही मोजले जातात आणि लांबचेही. कॅपिटल-स्मॉलचा फरक काउंटइफ करत नाही. सूत्र ओढण्याआधी डॉलरचं चिन्ह लावून यादी, अक्षरांची ओळ आणि रकाना पक्के करा, नाहीतर सगळं सरकेल.

मोठा आकडा आला ती जोडी लहानांना, एक आकडी आली ती मोठ्यांना. फक्त एसच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका, अनेकवचनांमुळे तो फुगतो. डीचंही तेच, भूतकाळामुळे.

पाचपाखाडीकर:
गणित करा हो, पण अवघड जोड्यांची मजा हाताने शोधण्यातच आहे. व्हीक्यूला व्हँक्विश. केक्यूला कुमक्वाट. जेएक्सला जिंक्स. एक्सक्यूला एक्सचेकर, स्पेलिंग बघा. झेडव्हीला राँदेव्हू. जेजेला जेजून. एक्सएक्सला एक्झिक्युट्रिक्स, हे वकिलाच्या घरातलं पोरच सांगेल. जेक्यूला जॅकार्ड, आणि हे भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना चटकन येईल, तिथल्या गाड्याही ०४ च्याच. वायएक्सला कॅलिक्स, फुलाचे भाग शिकलेल्या मुलांना जमावा.

धागाकर्ती:
तक्तेवाला, जमलं! डॉलर विसरले होते, मग सगळीकडे शून्यच येत होतं. झेडच्या ओळीत बरीच घरं रिकामी आहेत, त्या चिठ्ठ्या काढूनच टाकते. पाचपाखाडीकर, जॅकार्ड मुलांना सांगणार नाही, परीक्षक म्हणून माझ्याकडेच ठेवते.

आता एकच शंका. मोठ्या यादीत सापडतो पण छोट्या यादीत नाही असा शब्द एखाद्या मुलाने सांगितला, समजा झेडक्यूला पत्त्यांचा खेळ 'बेझिक', तर गुण द्यायचे का? आमचे सेक्रेटरी काका म्हणतात अर्थ सांगता आला तरच.

तक्तेवाला:
काका बरोबर आहेत. आणि अर्थ सांगितला तर दुप्पट द्या.