रिब ठोकली की केळ्यासारखी वाकते, काय करू?

पॅटर्नवाला_उद्यमबाग:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात, उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्याचे नमुने, करतो, बावीस वर्षं झाली. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलेल्या कॅप्टन अमोल यादवांबद्दल वाचलो, तेव्हापासून डोक्यात किडा. आता दोन सीटच्या विमानाचं ड्रॉइंग घेऊन पंखाच्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या, करालोय. घरची म्हणते, आधी शेडचं गळकं छप्पर कर.

पत्रा विमानाच्या ॲल्युमिनियमचा, 2024-टी3, 0.6 मिमी. एमडीएफचे दोन ठोकळे केलो, मध्ये कापलेला पत्रा, 6 मिमीच्या दोन पिना. फ्लँज, म्हणजे वळवायची कड, 16 मिमी, ठोकळ्याची कड 3 मिमी गोल. व्हाईसमध्ये आवळून नायलॉनच्या हातोड्यानं ठोकलो. ठोकळे तर झकास झालेत, ते आमचं रोजचंच काम. पण रिब काढली की फ्लँज गुण्यापासून सहा अंश उघडी, आणि सगळी रिब केळं! टेबलावर ठेवली तर मध्ये 8 मिमी फट. नाकाजवळ चुण्या पडल्या, एका जागी चिरलीसुद्धा. चार रिब भंगारात गेल्या. हा पत्रा काय स्वस्त आहे व्हय?

शहापूरकर:
गॅसवर तापवून बघा की. आमच्या गल्लीतले भांडीवाले पत्र्याला साबण लावतात, साबण काळा पडला की पत्रा मऊ. मग कसाही वळतो.

खानापूरचा_म्हातारा:
तापवू नका ओ! भांड्याच्या पत्र्याला तो साबण चालतो. 2024-टी3 चं यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागणारा ताण, 345 एमपीएच्या आसपास असतं, तोच पत्रा पूर्ण मऊ झाला की 75 वर येतो. ताकद परत आणायची तर साधारण 495 अंशांच्या भट्टीत एकसारखा तापवून पाण्यात बुडवायचा, आणि त्यात 0.6 चा पत्रा पापडासारखा वाकडातिकडा होतो. मी बंगळुरूला तीस वर्षं विमानाचा पत्रा ठोकला, आता खानापुरात बसून शेत राखतोय. ऐका.

सहा अंश उघडतंय ते पत्र्याचं परत उसळणं. तुम्ही पॅटर्नला टेपर देता ना, साच्यातून सुटायला? इथं ठोकळ्याच्या कडेला टेपर द्या, आत सहा अंश. फ्लँज जास्त वळेल, सोडली की गुण्यात येईल.

आता केळं. रिबची वरची कड फुगीर आहे, म्हणून सपाट पत्र्यावर फ्लँजची बाहेरची कड वळणाच्या रेषेपेक्षा लांब असते. वळवल्यावर ती लांबी कुठं जाणार? स्पारपासून, म्हणजे पंखाच्या कण्यापासून, मागं कड समजा 20 अंश फिरते. 20 अंश म्हणजे 0.35 रेडियन, गुणिले 16, साडेपाच मिमी पत्रा जास्तीचा. तोच फ्लँजमध्ये दाटून रिब वाकवतो. हातोड्यानं कितीही सरळ करा, परत तिथंच.

त्याला फ्लूट, म्हणजे फ्लँजमध्ये छोटे पन्हळीसारखे खड्डे, पाडायचे. जुन्या चपट्या पकडीच्या एका जबड्याला 6 मिमी गोल सळीचे दोन तुकडे वेल्ड करा, दुसऱ्याला एक. एकटी सळी स्किनच्या, म्हणजे पंखावर बसणाऱ्या पत्र्याच्या, बाजूला, म्हणजे खड्डा आत जातो आणि वर स्किन सपाट बसते. 2 मिमी खोल, 10 मिमी रुंद फ्लूट जवळपास 1 मिमी खातो. एक दाबा, टेबलावर ठेवून बघा, मग पुढचा. घाईनं सगळे दाबलात तर केळं उलट्या बाजूला होईल. आधी रिव्हेटच्या जागा मार्करनं आखून घ्या, फ्लूट दोन रिव्हेटच्या मधेच. पेन्सिल नको, ग्रॅफाइटनं ॲल्युमिनियम गंजतं.

नाकाजवळ वळण फार आवळतं, तिथं फ्लूटनं भागत नाही. फ्लँजला खाचा द्या, पण खाचेच्या तळाला आधी भोक पाडून. आणि कड कानशीनं, मग एमरीनं लांबीच्या दिशेनं गुळगुळीत करा. तुमची चीर कापताना कडेला राहिलेल्या बरीतूनच, त्या खरखरीत दात्यांतूनच, निघाली असणार.

अजून एक. डाव्या-उजव्या रिब मोजून ठेवा. नवा होतो तेव्हा अकराच्या अकरा एकाच हाताच्या ठोकल्या होत्या. सुपरवायझर काही बोलला नाही, नुसता ढिगाकडं बघत उभा राहिला.

शहापूरकर:
काका, चुकलो. साबण परत घेतो.

पॅटर्नवाला_उद्यमबाग:
काका, पकड केलो, टेपर दिलो. कालच्या रिबला वर सहा फ्लूट, खाली तीन. टेबलावर ठेवून खाली कागद सरकवून बघितलो, कुठंच जाईना. घरचीनं हातात घेऊन बघितली, म्हणाली, "कळ्या बऱ्या पडल्यात, पण मोदक मिटला नाही की तुमचा." आता हलकं करायची भोकं. त्यांच्या कडा वळवायला लाकडाची डाय चालते, का लोखंडाचीच पाहिजे?

खानापूरचा_म्हातारा:
पातळ पत्र्याला सागवान चालतं. नर-मादी दोन्ही करा, मध्ये बोल्ट घालून आवळा. आणि ते छप्पर करून घ्या, एमडीएफ भिजलं तर ठोकळे फुगतील.