मदत हवी आहे: बादलीत कढत पाणी, पण शॉवर गारच

आई-बाबा नाशिकला राहतात, चार मजली जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला वाकून बादलीतून पाणी घेणं जमत नाही. बाथरूममध्ये खुर्ची ठेवून ती शॉवरखाली आंघोळ करते. आता थंडी पडायला लागली आणि नेमका शॉवरच गरम पाणी देईनासा झाला आहे. मी बंगळूरला असते, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर जेवढं दिसतं आणि बाबा जेवढं सांगतात तेवढंच मला कळतं.

गिझर २५ लिटरचा, २००० वॅटचा, साठवणीचा आहे. भिंतीतला डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून तोटीला किंवा शॉवरला सोडणारा कॉक) एकाच दांड्याचा, खाली बादलीची तोटी आणि वर शॉवर. तोटीतून हात पोळेल इतकं गरम पाणी येतं. बेसिनच्या गरम नळालाही येतं. शॉवर सुरू केला की सुरुवातीला जरा कोमट आणि लगेच गार. दांडा पूर्ण गरमकडे वळवला तर पाणी गरम येतं, पण इतकी बारीक धार की अंग भिजत नाही. तो केसभर थंडकडे सरकवला की जोर येतो आणि पाणी थंडगार होतं.

एक प्लंबर म्हणाला गिझर गेला, नवीन घ्या. दुसऱ्याने डायव्हर्टर खराब आहे, टाइल्स फोडाव्या लागतील असं सांगितलं. त्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत. शिवाय फोडाफोडी सुरू असताना आईने आंघोळ कुठे करायची? टाइल्सना हात लावण्याआधी काय काय तपासता येईल, कृपया सांगा.

प्रतिसाद

बोअरचं पाणी आहे का? शॉवरच्या भोकांत क्षार साचतात. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. डायव्हर्टरच्या तोंडाशी जाळी असेल तर तीही साफ करून घ्या.

प्रतिसाद

जुना गिझर काढून ३ किलोवॅटचा इन्स्टंट लावा. पाणी तापायची वाट बघायला नको.

प्रतिसाद

इन्स्टंट अजिबात नको. ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला ३ लिटर पाणी जेमतेम १४ अंशांनी तापतं. शॉवरला मिनिटाला ६ लिटर धरा, म्हणजे वाढ उरली ७ अंश. नाशिकच्या थंडीत टाकीतलं पाणी १८ अंशांवर असेल तर २५ अंशांच्या पाण्याने तुमच्या आई कुडकुडतील. आहे तो गिझर चांगला आहे. तोटीतून कढत पाणी येतंय म्हणजे कॉइल आणि थर्मोस्टॅट दोन्ही काम करतायत.

ताई, एक सांगा. शेवटचा मजला म्हणताय, तर प्रेशर पंप बसवलाय का? आणि तो कुठल्या पाइपवर आहे?

धागाकर्ती

हो, बसवला आहे! शॉवरची धार बारीक येते म्हणून दिवाळीच्या आधी बसवून घेतला. आत्ताच बाबांना फोन केला. गच्चीवरच्या टाकीतून दोन पाइप खाली येतात, एक थेट गिझरला आणि दुसरा बाथरूमच्या थंड पाण्याला. पंप थंडवाल्यावर आहे. पण तेव्हा उन्हाळ्यासारखं गरम होतं, आई साध्याच पाण्याने आंघोळ करायची, म्हणून पंपाचा संबंध असेल असं कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रतिसाद

मग गिझरही बदलू नका आणि टाइल्सही फोडू नका. माझ्या मते दोष पंपाच्या जागेचा आहे.

टाकी शॉवरच्या ३ मीटर वर आहे असं धरू. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे दाबाचं माप), म्हणजे गिझरमधून येणाऱ्या पाण्याचा दाब जेमतेम ०.३ बार. थंड पाणी पंपामुळे १ बारच्या वर. दोन्ही डायव्हर्टरच्या पोटात एकत्र येतात. तोटीचं तोंड मोकळं असतं, तिथे आत दाब तुंबत नाही, म्हणून गरम पाण्यालाही वाट मिळते. शॉवरची भोकं बारीक, पाणी अडतं आणि आतला दाब ०.३ च्या वर जातो. मग गरम पाणी पुढे येऊच शकत नाही. दोन पैलवान एकाच दारातून घुसताहेत आणि त्यातला एक तिपटीहून दांडगा आहे, तसं समजा.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. पंपाचा प्लग काढा आणि शॉवर लावून बघा. धार बारीक येईल, पण दांडा मध्यावर असतानाही पाणी गरम असेल तर निदान पक्कं. दुसरी चाचणी: पंप चालू, शॉवर मध्यावर चालू, आणि त्याच वेळी बेसिनचा गरम नळ उघडा. तिथून गार पाणी आलं तर थंड पाणी गरम लायनीत घुसतंय.

धागाकर्ती

दोन्ही करून बघितलं. पंप बंद केल्यावर शॉवरला सुखद गरम पाणी आलं, धार मात्र बारीक. आणि पंप चालू असताना बेसिनच्या गरम नळातून चक्क गार पाणी! तुमचे किती आभार मानू. पण पंप काढला तर पुन्हा ती बारीक धार, आणि आईचे लांब केस त्यात धुतले जात नाहीत. दुसरा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद

आहे. पंप अशा जागी घ्या की गिझरचं आणि थंड असं दोन्ही पाणी त्यातूनच जाईल. गच्चीवर टाकीतून एकच पाइप काढायचा, त्यावर पंप, आणि पंपाच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दोन लायनी. सगळं काम गच्चीवर आणि उघड्या पाइपांवर होईल, बाथरूमला हात लागणार नाही. त्याआधी गिझरच्या प्लेटवर दाबाची मर्यादा वाचून घ्या. साठवणीच्या बऱ्याच गिझरवर ८ बार लिहिलेलं असतं, घरगुती पंप त्याच्या कितीतरी खाली असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह जाम नाही ना, तेही प्लंबरकडून बघून घ्या. गच्चीवर सोलर असेल आणि त्याची टाकी बिनदाबाची असेल तर ती या पंपावर मुळीच जोडू नका, फुटू शकते.

प्रतिसाद

वर कुणी सुचवायच्या आधी मीच सांगते: थंड पाण्याचा कॉक अर्धा बंद करून काम भागवतात बरेच जण. तुमच्या आईंसाठी हे कायमचं ठेवू नका. आंघोळ चालू असताना वीज गेली तर पंप थांबतो, थंड पाणी कमी होतं आणि गिझरमधलं साठलेलं कढत पाणी एकदम अंगावर येतं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूक असते. खुर्चीवरून पटकन उठताही येत नाही. काम होईपर्यंत पंप बंदच ठेवा आणि थर्मोस्टॅट ५० च्या आसपास आणा.

धागाकर्ती

हे फार महत्त्वाचं सांगितलंत, बाबांना आत्ताच कळवलं आणि पंपाचा प्लग काढून ठेवायला लावला. सोलर नाही. गिझरच्या प्लेटचा फोटो आला, त्यावर ८ बारच आहे. एकच शेवटचं विचारते: टाकीला खाली दोन वेगळी तोंडं आहेत. त्यातलं एक बुच लावून बंद करायचं, की दोन्ही पंपाच्या आधी जोडून घ्यायची?

प्रतिसाद

एक बुच लावून बंद करा. दुसरं १ इंची असेल तर पंपाला पुरेसं आहे. पंपाच्या आधी एक बॉल व्हॉल्व्ह नक्की टाकून घ्या, म्हणजे पुढे कधी पंप काढावा लागला तर टाकी रिकामी करावी लागणार नाही.