चेस्ट पीए (छातीचा एक्स-रे, किरण पाठीकडून पुढे) संध्याकाळी दाणेदार येतो, एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) वाढवू का?

केळीपट्टा_यावल:
100 एमएचं (मिलिअँपिअर) सिंगल फेज एक्स-रे मशीन, सीआर प्लेट (फिल्मऐवजी, रीडरमध्ये वाचली जाणारी), ग्रिड (स्कॅटर म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी) नाही. चेस्ट पीए 180 सेंमीवरून, 70 केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये), 10 एमएएस. सकाळी फोटो स्वच्छ. संध्याकाळी त्याच सेटिंगवर, तेवढ्याच जाडीच्या पेशंटला दाणे दिसतात. एस नंबर (रीडर दाखवतो; प्लेटला रेडिएशन कमी पोचलं की वाढतो) सकाळी 200 च्या आसपास, संध्याकाळी 400. सरसकट 20 एमएएस करून टाकू का?

शिरपूर_रेडिओ:
नको भो. आधी पॅनेलवरची लाइन व्होल्टेजची सुई बघा. एस दुप्पट झाला म्हणजे प्लेटला रेडिएशन निम्मंच पोचलं. त्यासाठी केव्ही फार पडावं लागत नाही. छातीतून पार होऊन प्लेटवर येणारी मात्रा ढोबळमानाने केव्हीच्या चौथ्या-पाचव्या घाताने बदलते, त्यामुळे 70 चे 61 झाले तरी निम्मी. शेतीचा आणि गावठाणाचा फीडर एकच असेल तर केळीचे पंप सुरू झाले की हे होणारच. कॉम्पेन्सेटरचा (लाइन व्होल्टेजची घट भरून काढणारा) नॉब फिरवून सुई खुणेवर आणा, तेही दर एक्स्पोजरआधी.

20 एमएएस कायम ठेवलं तर सकाळच्या पेशंटला फुकट दुप्पट डोस. फिल्म होती तेव्हा काळी पडून चुगली करायची. सीआर उजळपणा स्वतःच जुळवून घेतं, कुणाला पत्ता लागत नाही.

बायोमेड_जळगाव:
घरगुती स्टॅबिलायझर लावू नका. 70 केव्ही, 100 एमएला साधारण 5 किलोवॅट लागतात, म्हणजे 230 व्होल्टला 21-22 अँपिअर. सर्व्हो स्टॅबिलायझर कायमचं कमी व्होल्टेज सावरेल, पण 10 एमएएस म्हणजे 0.1 सेकंद, तेवढ्यात त्याची मोटर हलेपर्यंत एक्स्पोजर संपलेलं असतं. एक्स्पोजरच्या क्षणी त्याच लाइनवरचा बल्ब मिणमिणतो का बघा. मिणमिणत असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड ढिला. मीटरपासून मशीनला स्वतंत्र जाड केबल ओढा.

केळीपट्टा_यावल:
सुई बरीच खाली होती. नॉब फिरवल्यावर एस 220. लहान मुलांना, आणि खाटेवर एपी (किरण पुढून पाठीकडे) काढताना काय ठेवू?

शिरपूर_रेडिओ:
खाटेवर 100 सेंमीवरून काढत असाल तर 10 चं 3 एमएएस करा. अंतराच्या वर्गाचा हिशोब, 3.24 पट फरक पडतो. मोठ्यांच्या पीएला 80 केव्ही, 5 एमएएस करून बघा. केव्ही 15 टक्के वाढवलं की एमएएस निम्मं पुरतं, वेळही 0.05 सेकंदावर येते, हृदयाच्या हालचालीची धूसरता कमी. स्कॅटर थोडा वाढेल, ग्रिड नसल्याने किंचित फिकेपणा येईल, चालतो.

मुलांचा तक्ता वेगळाच करा, वयावर नाही तर छातीच्या जाडीवर. वेळ मशीन देईल तितकी कमी. कोलिमेटर (किरणांचा झोत आवरणारी झडप) छातीपुरताच उघडा; नंतर कॉम्प्युटरवर क्रॉप केल्याने डोस कमी होत नाही. फक्त रीडरने कोलिमेशनच्या कडा चुकीच्या ओळखल्या तर एस नंबर खोटा येतो. नंबर चांगला आणि फोटो दाणेदार असं दिसलं तर आधी तेच तपासा.