जमीन न पेरण्याचे पैसे सरकारने द्यावेत का?

कॅन्ससकर
मी अमेरिकेत पश्चिम कॅन्ससमधल्या एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखी) राहतो. गहू-ज्वारीचा मुलूख, पाऊस बेताचा. इथे दर ऑक्टोबरात जमीनमालकांच्या खात्यात सरकारचे पैसे जमा होतात, शेत न पेरल्याबद्दल. १९८५च्या शेती कायद्यातली ही कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह योजना. सगळे सीआरपीच म्हणतात. १० ते १५ वर्षांचा करार करायचा, शेतात गवत लावायचं, एकरी भाडं घ्यायचं. माणशी वर्षाला कमाल ५० हजार डॉलर.

संवर्धनाला माझा विरोध नाही. पैसा कुणाच्या हाती पडतो, यावर राग आहे. आमच्याकडचे कितीतरी मालक डेन्व्हर नाहीतर विचिटासारख्या शहरात राहतात, जमीन आजोबांकडून आलेली. खंडाने कसणाऱ्याच्या हातून मात्र ती जाते. आणि पेराच नाही म्हटल्यावर बियाणं, खत, डिझेल कोण घेणार? आमच्या गावातलं खताचं दुकान उठलं. एलिव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, गव्हाच्या ट्रकांची रांग पूर्वी रस्त्यापर्यंत यायची, आता आवारातच मावते.

सुखदा
दादा, मी शेजारच्या नेब्रास्कात माती तपासणीचं काम करते, म्हणून राहवत नाही. तुमच्याच भागात १४ एप्रिल १९३५ला धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार केला होता. गवताळ माळ फोडून गहू पेरला, दुष्काळ पडला आणि माती उडाली. असली जमीन पेरूच नये, आणि मालकाने पेरू नये असं वाटत असेल तर त्याचं उत्पन्न भरून द्यायलाच हवं.

गाव ओस पडू नये म्हणून नियमही आहे: काउंटीच्या पीकजमिनीपैकी साधारण २५ टक्क्यांवर सीआरपीत घेत नाहीत. खंडकऱ्याला हुसकावून करार करायलाही मनाई आहे.

कॅन्ससकर
ताई, खंडाची मुदत गुपचूप संपू दिली की हुसकावलं असं कोण म्हणणार?

आणि माती वाचली म्हणता, पण किती दिवस? २००७ साली देशभरात ३ कोटी ६८ लाख एकर सीआरपीत होती. मक्या-गव्हाला भाव आला आणि मुदत संपलेल्या लाखो एकरांवर पुन्हा नांगर फिरला. वर्षानुवर्षं भाडं भरून राखलेलं गवत एका हंगामात गेलं. त्यापेक्षा जो कसतो आहे त्याला माती झाकणाऱ्या आच्छादन पिकांसाठी, पाणी वाचवण्यासाठी पैसे द्या. १९९६पासून इक्विप योजना नेमकं तेच करते.

करमाळेकर
मध्येच बोलतो, कारण आमचा अनुभव उलटा आहे. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. आमच्या खासगी जमिनीही त्यात धरल्या. खरेदी-विक्री अडली, बिगरशेती अडली. पुढे क्षेत्र बरंच कमी केलं, पण तोवर एक पिढी गेली. एकरी भाडं सोडा, विचारायलाही कुणी आलं नाही. पक्षी शेतकऱ्याचा शत्रू झाला तो असा. तुमच्याकडे निदान सही घेतात आणि पैसे देतात. ते बंद करा म्हणू नका.

सुखदा
अगदी बरोबर. कॅन्ससातही लेसर प्रेअरी चिकन नावाचा माळपक्षी सीआरपीच्या गवतामुळेच आर्कान्सा नदीच्या उत्तरेला पसरला. मालकांनी स्वखुशीने गवत राखलं म्हणून.

कॅन्ससकर
करमाळेकर, तुमच्यावर अन्यायच झाला. भाडं बंद करा असं मी म्हणत नाही, अट बदला म्हणतो. मुदत संपताना मालकाने जमीन नवशिक्या शेतकऱ्याला विकली किंवा खंडाने दिली, तर त्याला दोन वर्षांचं भाडं जादा मिळण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक. बाहेरगावच्या मालकाला करार पुढे वाढवून हवा असेल, तर निम्मी जमीन गावातल्या तरुणाला दिलीच पाहिजे, असं करा.

सुखदा
चांगल्या जमिनीपुरतं मान्य. पण उताराची, वाळूची जमीन त्या निम्म्यात आली आणि पोराने कर्ज फेडायला ती फोडली, तर? ती कायमची गवताखालीच हवी, मालक डेन्व्हरला राहो की गावात.

कॅन्ससकर
मग ती सरकारने एकदाच रोख मोजून कायमची बांधून घ्यावी. दर दहा वर्षांनी नवा करार आणि पुन्हा भाडं कशाला?